सत्यशोधक विवाह की विशेष विवाह कायदा? जातीबाहेर लग्न ठरवलेल्यांसाठी एक तुलनात्मक आढावा

पुरोगामी विचारांच्या तरुण-तरुणीने जातीबाहेर लग्न ठरवले आणि वैदिक विधी नकोत यावर दोघांचे एकमत झाले, की त्यांच्यासमोर साधारणपणे दोन मार्ग उरतात. विशेष विवाह कायदा, १९५४ याखाली विवाह अधिकाऱ्यासमोर नोंदणी विवाह करणे हा पहिला. दुसरा म्हणजे जोतीराव फुले यांनी सुरू केलेल्या सत्यशोधक पद्धतीने, म्हणजे भटजीविना, लग्न लावून त्याची नोंद महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली महानगरपालिकेत, नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत करून घेणे. आम्ही दोघांनी बराच खल करून यातला एक मार्ग स्वीकारला आणि माझा कल कोणत्या बाजूला आहे हे पुढे दिसेलच. वयाच्या अटी, आवश्यक कागदपत्रे आणि शुल्क यांची माहिती कोणत्याही निबंधक कार्यालयात मिळते, म्हणून ती येथे देत नाही.

विशेष विवाह कायद्याबद्दल माझ्या मनात आदर आहे आणि तो मनापासूनचा आहे. १८७२ च्या मूळ कायद्याखाली लग्न करणाऱ्याला आपण प्रचलित धर्मांपैकी कोणताही धर्म मानत नाही असे लिहून द्यावे लागत असे. म्हणजे जोडीदार निवडण्याच्या स्वातंत्र्याची किंमत धर्म सोडून चुकवावी लागे. कायदेपंडित हरिसिंह गौर यांच्या प्रयत्नाने १९२३ मध्ये झालेल्या दुरुस्तीमुळे हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना आपापसांतील विवाहांपुरती ही अट उरली नाही आणि १९५४ च्या कायद्याने ती सर्वांसाठीच काढून टाकली. आजच्या कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत नोटिशीचा जो नमुना दिला आहे, त्यात नाव, वैवाहिक स्थिती, व्यवसाय, वय आणि निवास विचारला आहे, धर्म किंवा जात विचारलेली नाही. नास्तिक माणसाला आपल्या देशात असा सरकारी कागद फार वेळा भेटत नाही. विवाहाचा विधी कोणता असावा हेही कायदा सांगत नाही. अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर दोघांनी एकमेकांना समजणाऱ्या भाषेत, पती किंवा पत्नी म्हणून स्वीकारत असल्याचे एक वाक्य उच्चारले की पुरे. वारसाहक्काबद्दलची भीती मात्र अनेक सुशिक्षित घरांत अजून आहे, म्हणून एवढे सांगतो की, दोघेही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर १९७६ च्या दुरुस्तीनंतर या कायद्याखाली लग्न केल्याने एकत्र कुटुंबातून विभक्त झाल्याचे मानले जात नाही आणि वारसाही हिंदू उत्तराधिकार कायद्यानेच ठरतो.

इतके सगळे बाजूने असताना आम्ही त्या मार्गाने गेलो नाही, याचे कारण नोटीस. विवाहापूर्वी तीस दिवसांची नोटीस द्यावी लागते हे सर्वांना ठाऊक असते, मलाही होते, आणि एक महिना थांबण्यात आम्हाला काही अडचणही नव्हती. कार्यालयात चौकशीला गेल्यावर जे ध्यानात आले ते वेगळे होते. नोटीस कार्यालयातील दर्शनी फलकावर लागते, नोटीसवही कोणालाही विनाशुल्क पाहता येते आणि दोघांपैकी एखाद्याचे कायमचे वास्तव्य दुसऱ्या जिल्ह्यात असेल तर नोटिशीची प्रत त्या जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे जाऊन तेथील फलकावरही लावली जाते. ही शेवटची तरतूद कलम ६ च्या तिसऱ्या पोटकलमात आहे आणि शहरात नोकरी करणाऱ्या, पण आधार कार्डावर गावचा पत्ता असलेल्या मुलामुलींच्या दृष्टीने सगळे गाडे तेथेच अडते. पुण्यात राहून, पुण्यात अर्ज करून, पुण्यातच लग्न करायचे. पण त्याची वर्दी आपल्या आधी गावाकडच्या जिल्ह्याला पोहोचणार, आणि तीही अशा कार्यालयात, जिथे जमिनीच्या खरेदीखतासाठी भावकीतले कोणी ना कोणी येतच असते.

त्या कार्यालयाच्या व्हरांड्यात थांबलो असताना फलकावरील नोटिसांची मोबाईलवर छायाचित्रे घेणारी माणसे मी पाहिली. ती कोण होती आणि त्यांना त्या नावांशी काय करायचे होते, हे त्यांना कोणी विचारले नाही, कारण विचारण्याचा अधिकारच कोणाला नव्हता. कायद्याने फलक सर्वांसाठी खुला ठेवला आहे. माझ्या होणाऱ्या पत्नीने तो फलक पाहिला, आपल्या जिल्ह्याचे नाव उच्चारले आणि विषय तेथेच संपला. तिच्या घरी आम्ही सांगणार होतोच, पण केव्हा आणि कोणत्या शब्दांत सांगायचे हे तिला ठरवायचे होते.

येथे एका आक्षेपाचा विचार करायला हवा, कारण तो आपल्याच मंडळींकडून येतो. अटक असो, झडती असो, नागरिकत्वाची पडताळणी असो, सर्वत्र रीतसर प्रक्रियेचा आग्रह धरणाऱ्याने स्वतःच्या लग्नात प्रक्रियेला कंटाळावे हे बरे दिसते का? शिवाय नोटिशीचा उपयोग होतोच. आधीचे लग्न लपवून दुसऱ्यांदा बोहल्यावर चढणारे महाभाग कमी नाहीत, आणि माझ्या परिचयातील एका मुलीची फसवणूक केवळ फलकावरच्या नावामुळे टळली. हा मुद्दा मी हलका मानत नाही. तरीही मला असे वाटते की, आपण ज्या प्रक्रियेचा आग्रह धरतो ती बलवानाला आवरण्यासाठी असते. पोलिसाने कारण द्यावे, न्यायाधीशाने बाजू ऐकावी, सरकारने उत्तर द्यावे, अशी तिची दिशा असते. नोटिशीच्या फलकावर ती दिशा नेमकी उलटते आणि दोन सज्ञान नागरिकांना आपला निर्णय समाजापुढे महिनाभर मांडून ठेवावा लागतो. हरकत घेण्याची कारणे कायद्याने मर्यादित ठेवली आहेत, ही गोष्ट खरी. कलम ४ मधील अटींचा, म्हणजे वय, आधीचा विवाह, मानसिक क्षमता आणि निषिद्ध नाते यांचा भंग होत असेल तरच हरकत चालते. जात किंवा धर्म हे कारण होऊच शकत नाही. पण हरकत कशीही असली तरी तिची चौकशी पूर्ण होईपर्यंत अधिकाऱ्याला लग्न लावता येत नाही आणि त्या चौकशीला आणखी तीस दिवस मिळतात. हरकत अवाजवी आणि दुष्ट हेतूची ठरली तर हरकत घेणाऱ्याला होणारा खर्चाचा भुर्दंड जास्तीत जास्त एक हजार रुपयांचा आहे. एक लग्न आणखी महिनाभर लांबवण्याच्या मोबदल्यात ही रक्कम फार म्हणता येणार नाही.

न्यायालयांनाही हे खटकले आहे. दिल्ली उच्च न्यायालयाने २००९ मध्ये नोटिसा अर्जदारांच्या घरी पाठवण्याची पद्धत चुकीची ठरवली. केरळच्या नोंदणी विभागाने २०२० मध्ये अशा नोटिसा संकेतस्थळावर टाकणे थांबवले. आणि खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणाऱ्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालाचा आधार घेऊन अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये नोटिशीची प्रसिद्धी जोडप्याच्या इच्छेवर सोडली. अलाहाबादचा निकाल हातात घेऊन आपल्याकडच्या खिडकीवर जाता येते, परंतु कायद्याचे मूळ कलम जागच्या जागी असल्यामुळे खिडकीपलीकडचा कर्मचारी फलकाकडेच बोट दाखवतो, असा निदान माझा अनुभव आहे.

दुसऱ्या मार्गाकडे वळू. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात झाली आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला या पद्धतीचा पहिला विवाह लागला. पुढे ४ फेब्रुवारी १८८९ रोजी जोतीराव आणि सावित्रीबाईंनी आपला मुलगा यशवंत याचाही विवाह याच पद्धतीने केला. १८८७ मध्ये जोतीरावांनी मंगलाष्टकांसह विधींची जी पुस्तिका प्रसिद्ध केली, तिच्यातील मंगलाष्टकांत वधू वराकडे स्त्रियांच्या हक्कांबद्दल जाहीर शब्द मागते. एकोणिसाव्या शतकातल्या मुलीने मांडवात उभे राहून असा शब्द घ्यावा, ही कल्पना आजही पुष्कळ आधुनिक लग्नांच्या पुढे आहे. आता लागणाऱ्या सत्यशोधक विवाहांत भटजीऐवजी चळवळीतील एखादा कार्यकर्ता किंवा कार्यकर्ती विधी सांगते, अक्षतांच्या जागी फुलांच्या पाकळ्या येतात, कन्यादान नसते, दोघेही शपथ घेतात आणि मुहूर्त लोकांच्या सोयीने धरला जातो.

आमच्या बाबतीत निर्णायक ठरले ते हे, की हे लग्नही जाहीरच होते, परंतु कोणासमोर जाहीर करायचे ते आम्ही ठरवले. पत्रिका आम्ही वाटल्या. ज्यांना आधी सांगायचे होते त्यांना आधी सांगितले, ज्यांना आदल्या दिवशी कळणे इष्ट होते त्यांना आदल्या दिवशी कळवले. पत्नीचे काका आले नाहीत, पण आत्या आली. तिला मराठीतील मंगलाष्टके कळली आणि आवडली, हे तिने जेवताना दोनदा सांगितले. विवाह अधिकाऱ्याच्या टेबलासमोर उभे राहून झालेली परिचितांची लग्ने मी पाहिली आहेत. ती कायदेशीर दृष्ट्या निर्दोष होती, पण सह्या संपताच पुढच्या क्रमांकाला हाक मारली गेली आणि सोबत आलेल्या म्हाताऱ्या माणसांना लग्न लागले की अजून लागायचे आहे, हे नीट उमगले नाही. धर्म बाजूला काढला की समारंभाचीही गरज संपते, असे आपल्यातील काहीजण मानतात. जोतीरावांना तसे वाटत नसावे, आणि याबाबतीत मी त्यांच्या बाजूचा आहे.

या मार्गाचे दोषही स्पष्ट सांगायला हवेत, कारण ते किरकोळ नाहीत. असा विवाह कायद्याच्या लेखी हिंदू विवाह कायद्याखालीच मोडतो आणि त्या कायद्याच्या कलम ७ नुसार विवाह दोघांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे व विधींप्रमाणे लागला पाहिजे. भाऊराव लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६५ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गांधर्व पद्धतीचे दुसरे लग्न आवश्यक विधींअभावी विधिवत मानले नाही आणि त्यामुळे द्विभार्येचा आरोप टिकला नाही. विधी नाकारण्याचा फायदा कोणाला मिळू शकतो, हे त्यातून दिसते. एप्रिल २०२४ मध्येही न्यायालयाने सांगितले की, आवश्यक विधी झालेलेच नसतील तर केवळ नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह सिद्ध होत नाही. तमिळनाडूने पेरियार यांच्या चळवळीतील, पुरोहिताविना होणाऱ्या स्वाभिमान विवाहांसाठी १९६७ मध्ये हिंदू विवाह कायद्यात कलम ७-अ घालून हा प्रश्न कायमचा मिटवला. जोतीरावांच्या महाराष्ट्राने सत्यशोधक विवाहासाठी तसे केलेले नाही, याचे मला वारंवार आश्चर्य वाटते. दीडशे वर्षे चालत आलेली पद्धत रूढी म्हणून मांडता येते, असे आमच्या वकिलांचे मत पडले. तरीसुद्धा पत्रिका, छायाचित्रे, शपथेचा सह्या केलेला कागद आणि विधी सांगणाऱ्याचे पत्र जपून ठेवा, असेही त्यांनी बजावले.

नोंदणीच्या वेळी दोन रकाने टोचतात. एक धर्माचा, तो भरावाच लागतो. दुसरा पुरोहिताच्या नावाचा आणि सहीचा. आमचा विवाह लावणाऱ्या शिक्षिकेने आयुष्यभर पुरोहितशाहीला विरोध केला होता आणि त्या रकान्यात सही करताना त्या मोकळेपणाने हसल्या. मला ते हसणे त्या क्षणी जमले नाही. तरीही तुलना करायची तर एका रकान्याचा त्रास पाच मिनिटांचा असतो आणि लग्न झाल्यानंतरचा असतो. फलकाचा त्रास महिन्याचा असतो आणि लग्नाआधीचा असतो, जेव्हा दबाव आणण्यासारखे पुष्कळ काही शिल्लक असते.

दोन्ही मार्गांचे गुण हवे असतील तर तशी सोय आहे, आणि ती फारशी कोणाला माहीत नसते. विशेष विवाह कायद्याच्या कलम १५ प्रमाणे अन्य पद्धतीने आधीच झालेला विवाह नंतर त्या कायद्याखाली नोंदवता येतो. त्यासाठी दोघांचीही वये नोंदणीच्या वेळी एकवीस पूर्ण असावी लागतात, जिल्ह्यात तीस दिवसांचे वास्तव्य लागते आणि जाहीर नोटीसही लागते. पण तोवर संसार सुरू झालेला असतो आणि फलक वाचणाऱ्याच्या हाती फारसे काही उरत नाही. रूढी सिद्ध करण्याची टांगती तलवारही त्यामुळे बऱ्याच अंशी दूर होते. ज्यांच्या घरचा विरोध मावळला आहे किंवा मुळातच नव्हता, त्यांनी सरळ विशेष विवाह कायद्याखाली लग्न करावे आणि सायंकाळी सत्यशोधक समारंभ ठेवावा. त्यांना माझा अनुभव अडसर ठरू नये.

दोघांचे धर्म वेगळे असून (हिंदू, बौद्ध, शीख आणि जैन यांना हिंदू विवाह कायदा एकत्रच धरतो) कोणालाही धर्म बदलायचा नसेल, तर मात्र ही सारी चर्चा निरुपयोगी आहे, कारण त्यांच्यापुढे सहसा विशेष विवाह कायद्याखेरीज दुसरा मार्ग उरत नाही. ज्यांना फलकाचा धोका सर्वांत जास्त, त्यांनाच तो टाळता येत नाही. त्यातच डिसेंबर २०२२ मध्ये राज्य सरकारने आंतरधर्मीय विवाहांची माहिती घेण्यासाठी समन्वय समिती नेमली. सुरुवातीच्या आदेशात आंतरजातीय विवाहही होते, ते दोनच दिवसांत वगळण्यात आले. अशा जोडप्यांना मी एवढेच सुचवू शकेन की, नोटीस देण्यापूर्वी कायमच्या निवासाचा पत्ता कोणत्या जिल्ह्याचा दाखवला जाणार आहे हे वकिलाकडून तपासून घ्यावे आणि घराण्याच्या प्रतिष्ठेसाठी होणाऱ्या हत्यांबाबतच्या सर्वोच्च न्यायालयाच्या मार्च २०१८ च्या निकालाचा हवाला देऊन पोलीस अधीक्षकांकडे किंवा पोलीस आयुक्तांकडे संरक्षणाचा अर्ज नोटिशीच्या दिवशीच द्यावा, हरकत येण्याची वाट पाहू नये.