कॅलिफोर्नियात रिटर्न भरल्याचा अधिकृत पुरावा: कुठला कागद कुणासाठी?

अमेरिकेतून पुण्या-मुंबईला परतलेल्यांना हा प्रश्न बहुधा पहिल्याच जुलैत पडतो. आरएसयू, म्हणजे कंपनीने पगाराचा भाग म्हणून देऊ केलेले शेअर, कॅलिफोर्नियात व्हेस्ट (म्हणजे नावावर जमा) झालेले असतात, त्यावर तिथल्या राज्याचा कर कापलेला असतो आणि भारतात रेसिडेंट ठरल्यामुळे तेच उत्पन्न इथेही दाखवावं लागतं. सीए सांगतो, ‘तिकडे कर भरल्याचा अधिकृत कागद आणा.’ मग धावाधाव सुरू होते: नोटरी, अपोस्टिल (परदेशात चालावा म्हणून सरकारी कागदावर घेतलेला दाखला), शिक्का. माझं मत आधीच सांगतो. दहापैकी नऊ जणांना शिक्क्याच्या प्रतीची गरज नसते, आणि ज्याला खरंच असते त्याला नोटरीचा उपयोग नसतो.

आधी भारतातली बाजू बघू. १९६१ च्या आयकर कायद्याखालचा नियम १२८ परदेशी कराच्या क्रेडिटसाठी, म्हणजे तिकडे भरलेला कर इथल्या करातून वजा करून घेण्यासाठी, तीन प्रकारचे पुरावे चालवून घेतो: परदेशी कर खात्याचं पत्रक, कर कापणाऱ्याचं पत्रक किंवा करदात्याने स्वतः सही केलेलं विवरण. स्वतःच्या सहीचं विवरण असेल तर सोबत कर भरल्याची पावती किंवा कापल्याचा पुरावा जोडावा लागतो. ‘प्रमाणित प्रत’ किंवा अपोस्टिलची अट त्यात नाही.

मग कंपनीने दिलेला डब्ल्यू-२, म्हणजे वर्षाचा पगार आणि कापलेला कर दाखवणारा फॉर्म, पुरे का? त्याच्या १७ व्या चौकटीत राज्याचा कापलेला कर असतोच. पण इथेच लोक फसतात. कॅलिफोर्नियात शेअर आणि बोनसवर सरसकट १०.२३ टक्के कापता येतात. प्रत्यक्ष देय कर त्याहून कमी निघाला तर रिफंड येतो. समजा ९,००० डॉलर कापले आणि २,००० परत आले, तर क्रेडिट ७,००० चंच मागायचं. डब्ल्यू-२ रिफंडबद्दल काही बोलत नाही, रिटर्न बोलतं. म्हणून डब्ल्यू-२ च्या जोडीला भरलेल्या रिटर्नची प्रत हवीच. पूर्ण वर्षाचे रहिवासी असाल तर फॉर्म ५४०, वर्षाच्या मध्यात निघाला असाल तर ५४०एनआर.

ही प्रत दोन वाटांनी मिळते. कॅलिफोर्नियाचं कर खातं म्हणजे फ्रँचाइज टॅक्स बोर्ड. त्याच्या मायएफटीबी खात्यात भरलेलं रिटर्न, भरणा आणि रिफंड घरबसल्या दिसतात, पैसे लागत नाहीत. सीएच्या फाइलसाठी आणि बहुतेक बँकांसाठी एवढं भागतं. दुसरी वाट अर्जाची: एफटीबी ३५१६ हा फॉर्म, दर कर-वर्षाला २० डॉलर. इथे खातं स्वतःच्या दप्तरातून प्रत काढून देतं. कोर्टात वाद असेल किंवा कर अधिकाऱ्याने नोटीस काढून मूळ दप्तराचीच मागणी केली असेल, तर हीच वाट घ्या आणि प्रमाणित प्रत हवी असल्याचं अर्जासोबत स्पष्ट लिहा. प्रत टपालाने येते, त्यामुळे तारखेच्या तोंडावर हा उद्योग करू नये.

आता नोटरी. आपल्याकडे राजपत्रित अधिकाऱ्याची किंवा नोटरीची सही घेऊन ‘ट्रू कॉपी’ करायची सवय हाडीमासी मुरलेली. कॅलिफोर्नियातल्या नोटरीला असा अधिकार जवळपास नाहीच. मुखत्यारपत्र आणि स्वतःची नोंदवही सोडली तर इतर कागदाची प्रत तो प्रमाणित करू शकत नाही. फार तर तुम्ही शपथेवर लिहून द्यायचं की ‘ही माझ्याकडच्या कागदाची खरी प्रत आहे’, आणि त्याने तुमच्या शपथेची नोंद करायची. म्हणजे शिक्का बसतो तुमच्या शब्दावर, रिटर्नवर नाही. समोरच्याला हा फरक कळत नसेल तर कागद खपून जातो. कळत असेल तर परत येतो.

अपोस्टिलची मागणी आलीच, तर कागद कुणाचा आहे ते पाहा. राज्याचा कागद असेल तर कॅलिफोर्नियाच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटकडे, २० डॉलर. मात्र त्यावर अधिकाऱ्याची किंवा नोटरीची सही लागते. मायएफटीबीच्या प्रिंटआउटवर ती नसते, म्हणून तो तसाच पाठवून उपयोग नाही. केंद्राचा, म्हणजे आयआरएस या केंद्रीय कर खात्याचा कागद सॅक्रामेंटोला, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या राजधानीत, पाठवू नका, तो वॉशिंग्टनला परराष्ट्र खात्याकडे जातो.

आयआरएसकडे निवड जास्त सोपी आहे. ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे रिटर्नमधल्या आकड्यांचा गोषवारा, ऑनलाइन किंवा फॉर्म ४५०६-टी भरून फुकट मिळतं. पण २०१८ पासून त्यावर नाव अर्धवट छापतात: आडनावाची पहिली चार अक्षरं, सोशल सिक्युरिटीचे शेवटचे चार आकडे. आयआरएस ते आपल्या नोंदीशी जुळवून घेतं, पण पुण्यातल्या अधिकाऱ्याला ‘कुलकर्णी’ अर्धेच दिसले की शंका येते. पूर्ण प्रतीसाठी फॉर्म ४५०६ भरावा लागतो. त्याला फी पडते आणि वाट अडीच महिन्यांपर्यंत पाहावी लागू शकते. कोर्टासाठी प्रमाणित प्रत हवी असेल तर त्या फॉर्मवरच वेगळी खूण करायची जागा आहे. पतिपत्नीचं एकत्र रिटर्न असेल तर एकाची सही चालते.

काही जण या सगळ्यात फॉर्म ६१६६ मागवतात. ते अमेरिकेचे कर-रहिवासी असल्याचं प्रमाणपत्र आहे, त्याला ८५ डॉलर पडतात आणि राज्याच्या रिटर्नशी त्याचा काही संबंध नाही.

राज्याच्या कराबद्दल आणखी एक अडचण: एकाच उत्पन्नावर दोनदा कर पडू नये म्हणून केलेल्या भारत-अमेरिका करारात अमेरिकेचा फक्त केंद्राचा आयकर येतो. राज्याच्या कराचं क्रेडिट त्याच १९६१ च्या कायद्याच्या कलम ९१ मधून मागावं लागतं. विप्रोच्या प्रकरणात २०१५ साली कर्नाटक उच्च न्यायालयाने ते मान्य केलं, तरी अधिकारी प्रश्न विचारू शकतो. रक्कम मोठी असेल तर २० डॉलर खर्चून दप्तरातली प्रत हाताशी ठेवणं मला शहाणपणाचं वाटतं. रक्कम किरकोळ असेल तर प्रिंटआउट पुरे.

निघण्याआधी अमेरिकेतलं बँक खातं घाईने बंद करू नका, टपालाने अर्ज केला तर फीचा चेक त्यातूनच निघतो. आणि टेक्सास किंवा फ्लोरिडातून आला असाल तर हा सगळा प्रश्नच नाही. तिथे पगारावर राज्याचा आयकर नाही, त्यामुळे राज्याचं रिटर्नही नाही. सीएने तरी मागितलंच तर डब्ल्यू-२ मधली रिकामी १७ वी चौकट दाखवा.