खाऱ्या हवेत गॉगल: धातूची फ्रेम की टीआर-९०?

रत्नागिरीत राहून मी दोन्ही वापरलेत: बारीक धातूच्या फ्रेमचा, खऱ्या काचेचा गॉगल आणि टीआर-९० या लवचीक नायलॉनच्या फ्रेमचा, पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकच्या लेन्सचा. उन्हातले अतिनील (यूव्ही) किरण अडवण्यात डावं-उजवं नाही, लेन्स यूव्ही-४०० म्हणजे हे किरण अडवणारी असली की झालं.

दिसायला धातूचाच देखणा. त्याच्या काचेवर चरेही उशिरा पडतात, पण पडतात. वाळूतले गारगोटीचे कण काचेपेक्षा कठीण असतात. भाट्याच्या किनाऱ्यावरून येऊन शर्टाच्या टोकाने गॉगल पुसला, की काच काय नि पॉलिकार्बोनेट काय, चरा ठरलेला. पॉलिकार्बोनेट मुळात मऊ, त्यामुळे वरचा कडक थर गेला की लेन्स लवकर धुरकट होते. इथे काचेला मार्क द्यावेच लागतील.

माझं पारडं फिरवलं ते नाकावरच्या हिरव्या डागांनी. धातूच्या फ्रेमला नोजपॅड धरणाऱ्या दोन बारीक तारा असतात. बऱ्याच फ्रेमच्या मिश्रधातूत तांबं असतं. मुलामा झिजला की घाम आणि खारी हवा मिळून तिथे हिरवट, चिकट मळ धरतो, तोही नेमका पॅडच्या मागे, जिथे फडकं पोचत नाही. मे महिन्यात दुपारी स्कूटरवरून उतरून गॉगल काढला की नाकाच्या दोन्ही बाजूंना हिरवे ठिपके! पॅड बदलायला नेले, तर स्क्रू आत असा गंजून बसलेला की फिरवता फिरवता त्याचं डोकंच झिजलं. दुकानदार म्हणाला, "समुद्राकाठी हे असंच हो."

टीआर-९० नायलॉनच, त्याला गंजायचं कारणच नाही. नाकाची बैठक बहुधा फ्रेममध्येच घडवलेली असते. काडीच्या बिजागरीचा स्क्रू त्यालाही असतो आणि तो गंजतोही, पण निदान नाक रंगवत नाही.

कोणताही घेतलात तरी पुसण्याआधी नळाखाली धरा, म्हणजे वाळू आणि मीठ निघून जातं. मग भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब आणि स्वच्छ मऊ कापड. थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर अजिबात नको. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलात तर तापून लेन्सवरच्या थराला तडे जातात.

चार दिवस गणपतीपुळ्याला यायचं असेल तर धातूचा खुशाल घ्या. इथेच राहून रोज घालायचा असेल तर, ज्याची त्याची आवड असली तरी, मी टीआर-९० म्हणेन. फक्त आरशासारख्या चमकत्या लेन्स टाळा, घामाने तो थर सगळ्यात आधी सोलवटतो.