फिरतं तारामंडळ शो: पिक्चर ठीकठाक, भाऊचं बोलणं पैसे वसूल

आमच्या झेडपी शाळेत (हिंगणघाट तालुका) ते फुगवायचं फिरतं तारामंडळ आलं होतं, माणशी 40 रुपये, मोठ्या माणसायलेबी एन्ट्री होती म्हणून मीबी घुसलो. बाजूच्या गावातले लोक विचारून रायले बोलवावं का, म्हणून इथंच लिहून टाकतो. नागपूरच्या रमण विज्ञान केंद्रात पोरं न्यायची म्हणजे गाडी, डबे, परवानग्या, अख्खा दिवस जाते, त्या मानानं हे सोपं आहे.

आधी सूर्यावरचा हिंदी पिक्चर. चित्र झकास, डोक्यावरून सूर्य फिरते तर पोरं किंचाळतेच, पण आवाज घुमते, वरून ब्लोअरची घरघर, अर्धं डोक्यावरून जाते. अन् सूर्याच्या भोवतीचा करोना, म्हणजे त्याचं सगळ्यात बाहेरचं वायूचं आवरण, म्हणून नुसता पिवळा जाळ दाखवला, जसं काही तिथं लाकडं पेटली. तिथं काहीच जळत नाही बाप्पा.

खरा शो पिक्चर संपल्यावर. मशीन चालवणाऱ्या भाऊनं लाइट लावला अन् विचारलं, सूर्याचा पृष्ठभाग साडेपाच हजार डिग्री, अन् त्याच्या वरचा करोना 10-20 लाख डिग्री, असं काऊन? पोरं चूप. कमी तापलेली वस्तू जास्त तापलेल्या वस्तूला आपली उष्णता देऊ शकत नाही, म्हणजे तिथं दुसरंच काही काम करून रायलं. मग हे लाखाचं माप काढलं कोणी, तर त्यानं खिशातून जुनी सीडी काढली, मोबाइलचा टॉर्च मारला, तंबूवर रंग पडले, अन् सांगितलं की उजेड असा रंगांत फोडला की प्रत्येक मूलद्रव्याच्या आपल्या ठरलेल्या रेघा दिसते, अन् 1869 च्या ग्रहणात करोनाच्या उजेडात एक हिरवी रेघ दिसली जी कशाशीच जुळेना, लोकायनं नवीनच मूलद्रव्य समजून कोरोनियम नाव देऊन टाकलं, अन् सत्तरेक वर्षांनी ग्रोट्रियन अन् एडलेन या शास्त्रज्ञांच्या कामातून कळलं की ते साधं लोखंड आहे, फक्त 26 पैकी 13 इलेक्ट्रॉन निघून गेलेलं. एवढे इलेक्ट्रॉन निघायला लाखो डिग्रीच लागते.

सातवीतल्या एका पोरीनं बरोबर पकडलं, मग सर, सूर्याजवळ जाणारं नासाचं पार्कर यान काऊन नाही वितळलं? ते 24 डिसेंबर 2024 ला सूर्याच्या पृष्ठभागापासून 61 लाख किलोमीटरपर्यंत गेलं होतं. तर करोना भलताच विरळ आहे. फॅब्रिकेशनच्या दुकानात ग्राइंडरच्या ठिणग्या हातावर पडते, तापलेल्या असते पण इवल्याशा, म्हणून पोळत नाही, तसंच. कण तापलेले, पण मोजकेच.

आता तापते कशानं? पृष्ठभागाखाली वायू सारखा उकळून रायला, त्याच्यात चुंबकीय रेषांचे पाय रुतलेले, ते हलते. एक म्हणणं असं की त्यातून लाटा उठून वर जाते अन् तिथं उष्णता सोडते, अशा लाटा असतात हे अल्फ्वेन नावाच्या शास्त्रज्ञानं 1942 मध्येच सांगितलं. दुसरं म्हणणं शास्त्रज्ञ युजीन पार्करचं, 1988 चं, रेषा पिळत जाते, तुटून परत जुळते, अन् दर वेळी बारीकसा स्फोट, नॅनोफ्लेअर. यानाला नाव याच पार्करचं. दोन्ही होत असेल, पण कोणाचा वाटा किती ते अजून ठरलं नाही, हे भाऊनं सरळ सांगून टाकलं. पिक्चरवाला 'चुंबकीय शक्ती' म्हणून एका वाक्यात मोकळा.

सूर्य पाहणारं इस्रोचं यान आदित्य-एल1 पण आलं बोलण्यात, 2 सप्टेंबर 2023 ला सोडलेलं, त्यातली दुर्बीण सूर्याची थाळी झाकून रोजच ग्रहण करते अन् करोना पाहते. पण तोवर पुढची बॅच बाहेर आरडाओरडा करून रायली होती, घाईत उरकलं.

तक्रारी आहेतच. आत जायचं तोंड एवढं बुटकं की आमच्या आजीले नेताच आलं नाही, अन् एका बॅचला इतकी पोरं कोंबते की शेवटी सगळे घामानं चिंब. बोलवायचं असन तर डिसेंबर-जानेवारीत बोलवा, मार्चनंतर आपल्या इकडच्या उन्हात त्या तंबूत कोणी टिकत नाही. अन् फोनवरच सांगून ठेवा, पिक्चर अर्धा दाखवा पण बोलणं पूर्ण पाहिजे, अन् मराठीतच. मी 5 पैकी 4 देतो, पिक्चरला वेगळे द्यायचे असते तर 2.