ए३५० ने नऊ तास, आणि आईचं डोकं दुखलं नाही

मागच्या महिन्यात आईला घेऊन पहिल्यांदाच एअरबस ए३५० ने गेले, नऊ तासांची फ्लाइट, आणि उतरल्यावर आई म्हणाली "अगं, या वेळी डोकं नाही ठणकलं". एरवी लांबच्या विमानप्रवासात तिचं डोकं धरतं, घसा कोरडा पडतो, पाय सुजतात, मग पुढचे दोन दिवस आडवीच असते. जाताना पण ए३५० च होतं आणि येताना पण तेच, म्हणून म्हटलं लिहूनच टाकते. जेवण आणि सिनेमांवर सगळेच लिहितात, मला विमानाबद्दल लिहायचंय.

विमान उंचावर असताना आत हवा दाबून भरतात हे माहीत असतं, पण ती जमिनीवरच्या इतकी कधीच नसते. जुन्या विमानांत आतला दाब ८,००० फुटांच्या डोंगरावर असावा इतका उतरू देतात, ए३५० मध्ये ६,००० फुटांवर असतो त्यापेक्षा कमी होऊ देत नाहीत. ऐकायला किरकोळ वाटतं पण नऊ तास बसून बघा! हे जमतं ते विमानाच्या अंगामुळे. अ‍ॅल्युमिनियम दर उड्डाणाला फुगतं, परत बसतं, असं हजारो वेळा होऊन धातू थकतो, शिवाय दमट हवेने गंजायची भीती, म्हणून आतली हवा पातळ आणि कोरडी ठेवावी लागते. ए३५० चं वजनाने ५३ टक्के कॉम्पोझिट आहे, म्हणजे प्लास्टिकमध्ये घट्ट बसवलेले धागे, मुख्यतः कार्बन फायबर, ते ना गंजतं ना तसं थकतं. वीज पडली तर? कार्बन फायबर धातूइतकी वीज वाहून नेत नाही, म्हणून वरच्या थरात तांब्याची बारीक जाळी घालतात.

आईच्या मनात एकच प्रश्न, "हे प्लास्टिक पेटलं तर गं?" खरा प्रश्न आहे. २ जानेवारी २०२४ ला टोकियोच्या हानेदा विमानतळावर उतरणारं ए३५० कोस्ट गार्डच्या विमानावर आदळलं आणि नंतर पूर्ण जळून गेलं. कोस्ट गार्डच्या विमानातले पाच जण गेले. पण ए३५० मधले ३७९ च्या ३७९ लोक बाहेर पडले, सामान न घेता, क्रूचं ऐकून. त्या क्रूला मी मनापासून नमस्कार करते.

आवाज खूपच कमी. इतका कमी की चार रांगा मागचं घोरणं ऐकू येतं, झोप कच्ची असेल तर इअरप्लग न्याच. इंजिन रोल्स रॉईसचं ट्रेंट एक्सडब्ल्यूबी, समोरचा पंखा जवळजवळ ३ मीटर रुंद! सीट मात्र ठीकठाकच, एका रांगेत नऊ, त्यात विमान बनवणाऱ्याचा दोष नाही, किती सीट कोंबायच्या ते एअरलाइन ठरवते. आमच्या एअरलाइनने (नाव घेत नाही) जाताना माझा स्क्रीन शेवटपर्यंत दुरुस्त केला नाही, दोनदा सांगूनही. आईचा चालू होता, त्यावर शेपटीचा कॅमेरा लावून बसलो, टेकऑफला अख्खं विमान वरून दिसतं, रनवे खाली सुटतो, आई सीटचा हात सोडायलाच तयार नव्हती पण नजर पण हटवली नाही.

पुढचं काय, तर याच विमानावर दोन चाचण्या झाल्यात ज्या मला भारी वाटतात. एक म्हणजे डिसेंबर २०१९ मध्ये फ्रान्समधल्या तुलूझला ए३५०-१००० ने फक्त कॅमेऱ्याने रनवे ओळखून स्वतःहून टेकऑफ घेतला, पायलट आत बसलेले होतेच. आणि दुसरी, नोव्हेंबर २०२१ मध्ये दोन ए३५० तुलूझहून मॉन्ट्रियलला एकामागे एक, साधारण ३ किलोमीटर अंतर ठेवून गेली, बगळ्यांच्या माळेसारखी. पुढच्याच्या पंखाच्या टोकामागे जी हवा वर उठते तिच्यावर मागचं तरंगत राहतं, तेवढ्यावर ५ टक्क्यांहून जास्त कार्बन वाचला. नवीन इंजिन नाही, नवीन इंधन नाही, फक्त जागा बरोबर पकडली. हे रोजच्या फ्लाइटला कधी येईल तेव्हा खिडकीतून शेजारचं विमान बघायला मी नक्की जाणार.

तिकीट काढताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो बघा, आणि आयत्या वेळी बदलू शकतो म्हणून आदल्या दिवशी पुन्हा एकदा बघा. आईच्या पुढच्या तिकिटाला मी तास जास्त लागला तरी चालेल, ए३५० च घेणार आहे.