मे महिन्यात बाईक: डांबरी रस्ता बरा की सिमेंटचा, आणि निघायचं कधी

विदर्भात मे महिन्यात बाईक काढायची म्हटली की सगळे उन्हाचंच बोलतात, दुपट्टा बांध, पाणी पी, खिशात कांदा ठेव. चाकाखाली काय होतंय याबद्दल फार कमी जण बोलतात. अकोला, चंद्रपूर, वर्धा इकडे पारा ४५ च्या वर गेला की काळ्या डांबराचा वरचा थर सहज ६० अंशांच्या पुढे तापतो, आणि आपल्याकडे सर्रास वापरतात त्या व्हीजी-३० प्रतीच्या डांबराचा मऊ पडण्याचा बिंदू मानकात किमान ४७ अंश धरलाय, जरा कडक असलेल्या व्हीजी-४० चा किमान ५०. आकड्यांवर गेलं तर रोज दुपारी सगळे रस्ते वाहून जायला पाहिजेत. तसं होत नाही कारण रस्त्यात वजनाने साधारण पाच टक्केच डांबर असतं, बाकी सगळी गिट्टी, आणि भार गिट्टीच एकमेकींना धरून पेलते. डांबर सुटतं, म्हणजे मऊ पडून वर येतं, ते जिथे ते गरजेपेक्षा जास्त पडलंय तिथे, म्हणजे ठराविक जागी, आणि बाईकवाल्याने खरं तर ह्या जागा ओळखायच्या असतात.

त्या जागा कुठल्या तर हाताने मारलेले पॅच, डांबर फवारून वर चुरी टाकलेले गावाकडचे रस्ते, आणि जिथे ट्रक ब्रेक मारतात किंवा उभे राहतात ते सगळं, म्हणजे सिग्नल, टोलनाक्याच्या आधीचा पट्टा, एसटी स्टँडसमोरची जागा, घाटातली वळणं. ट्रकच्या चाकांच्या दोन पट्ट्यांत डांबर दाबून वर येतं आणि गुळगुळीत काळं चकाकायला लागतं, लांबून पाणी सांडल्यासारखं दिसतं. मृगजळही तसंच दिसतं, पण ते जवळ गेलं की पुढे सरकतं आणि सुटलेलं डांबर जागेवरच राहतं. फक्त ८० च्या स्पीडला हा फरक कळेपर्यंत तुम्ही त्याच्यावर पोचलेले असता, म्हणून दुपारी डांबरी रस्त्यावर ५०-६० च्या वर जाऊ नका असं मी मनापासून सांगतो.

याचा अर्थ डांबरी रस्ता वाईट असा नाही. अमरावती–अकोला घ्या, राष्ट्रीय महामार्ग ५३, डांबरीच आहे, जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज रेकॉर्ड झाला तोच हा पट्टा. पेव्हर मशीनने सलग टाकलेल्या थरात डांबराचं प्रमाण सगळीकडे सारखं राहायची शक्यता जास्त असते, त्यामुळे महामार्गाची मुख्य लेन आणि तालुक्याच्या गावातला पॅच यांना एका मापाने मोजू नका. महामार्गावरून उतरून सर्व्हिस रोडला लागलात की मात्र लगेच सावध व्हा.

आता सिमेंटचा रस्ता. तो वितळत नाही, रंगाने फिका म्हणून डांबरापेक्षा कमी तापतो, साईड स्टँड रुतत नाही, ब्रेक भर दुपारीही सकाळसारखाच लागतो. नुसतं वितळण्याचं बघायचं तर इथे विषय संपला, सिमेंट जिंकलं. पण नागपुरात रोज सिमेंट रोडवर चालवणाऱ्याला विचारा, तो दुसरंच काही सांगेल. दोन स्लॅबमधला लांबीचा जॉइंट उघडा पडला की पुढचं चाक त्यात धरल्यासारखं होतं, लेन बदलताना हँडल हलतं. काँक्रीटची कड बाजूच्या मातीपेक्षा चांगली उंच असते, कारने साईड मारली आणि खाली उतरलात तर परत वर चढताना तिरकं चढू नका, गाडी जवळजवळ थांबवून चाक होईल तेवढं सरळ घेऊन चढा. उन्हात पांढरी चमक डोळ्यावर येते, हेल्मेटची काच स्वच्छ नसेल तर खड्डा दिसत नाही. टायरही खरखरीत काँक्रीटवर लवकर झिजतं. आणि सिमेंटला तडे गेले की ते बऱ्याचदा डांबरानेच भरतात, मग त्या काळ्या रेघा दुपारी मऊ पडतात, वळणावर झुकलेले असताना अशी रेघ आली की मागचं चाक क्षणभर सरकतं. घाबरून ब्रेक मारू नका, अॅक्सिलरेटर तसाच ठेवा, चाक पुढे गेलं की पकड परत येते.

मुंबई–नागपूर समृद्धीचा विचार करत असाल तर सोडून द्या, ७०१ किलोमीटर असला तरी दुचाकीला तिथे परवानगी नाही.

दोन्हीपेक्षा वाईट असा एक तिसरा प्रकार आहे. डांबर सुटलं म्हणून त्यावर नुकतीच चुरी किंवा बारीक गिट्टी पसरलेली असते, खाली मऊ, वर सुटी गिट्टी, असा रस्ता दिसला तर शक्य असेल तिथून परत फिरा आणि दुसरा धरा, दहा-पंधरा किलोमीटर जास्त पडले तरी चालतील. जावंच लागलं तर पुढचा ब्रेक जवळजवळ विसरा, गिअर उतरवून स्पीड कमी करा. एबीएस चाक लॉक होऊ देत नाही पण नसलेली पकड आणून देत नाही, आणि १२५ सीसीपर्यंतच्या बऱ्याच गाड्यांना तर फक्त सीबीएस असतं, त्यात मागचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो हे लक्षात ठेवा.

वेळेचं म्हणाल तर माझ्या मते रस्त्यापेक्षा हाच निर्णय मोठा आहे. दुपारी दोन ते चार डांबर सगळ्यात मऊ असतं, सूर्य मावळला तरी रस्ता लगेच थंड होत नाही, आठ-नऊपर्यंत हात लावला तर गरमच लागतो. सगळ्यात कडक रस्ता पहाटे मिळतो. रात्रीही डांबराचा त्रास नसतो, पण समोरच्या ट्रकचे हाय बीम, रिफ्लेक्टर नसलेल्या ट्रॉल्या, रस्त्यावर बसलेली जनावरं, हे सगळं डांबरापेक्षा जास्त धोक्याचं आहे. म्हणून पहाटे साडेचारला निघा, दहा-साडेदहाच्या आत पोचा किंवा कुठेतरी सावलीत थांबा, मग रस्ता डांबरी असला तरी बिनधास्त घ्या, उलट पहाटेच्या वेळी मला चांगला डांबरी रस्ताच आवडतो, चाक गुळगुळीत चालतं आणि वळणं विश्वासाने घेता येतात. दुपारी निघणं अगदीच टळत नसेल, दवाखाना असेल, परीक्षा असेल, तर सिमेंटचा रस्ता निवडा, लांबचा पडला तरी. परतवाड्यावरून चिखलदऱ्याला जाणाऱ्यांनी घाट सकाळीच चढावा आणि उतरणं दुपारी ठेवू नये, उतारावर वजन पुढच्या चाकावर येतं आणि वळणात नेमकं तिथेच डांबर सुटलेलं असतं. वळवाचा पाऊस आला तर दोन्ही रस्ते सारखेच, धूळ आणि ऑइल वर येतं, पहिली पंधरा-वीस मिनिटं टपरीवर काढा.

टायरमधली हवा उन्हाळ्यात कमी ठेवायची ही समजूत सोडा. कमी हवेचं टायर जास्त दबतं, जास्त तापतं आणि तेच फुटायची भीती असते. सकाळी टायर थंड असताना कंपनीने सांगितलेलीच हवा भरा आणि दुपारी प्रेशर वाढलेलं दिसलं म्हणून काढू नका.

डांबरावर गाडी उभी करायची तर मेन स्टँड लावा, तो नसेल तर साईड स्टँडखाली चपटा दगड किंवा फळीचा तुकडा ठेवा, नाहीतर तासाभरात स्टँड रुतून गाडी आडवी होते. मडगार्डला, सायलेन्सरला चिकटलेलं डांबर गाडी थंड झाल्यावर डिझेल लावलेल्या फडक्याने निघतं, नंतर शाम्पूने धुवा. टायरला डिझेल लावू नका, तिथलं डांबर खरखरीत रस्त्यावर आपोआप झिजून जातं, खाचेत अडकलेली गिट्टी मात्र स्क्रूड्रायव्हरने काढून टाका, आणि ब्रेकच्या डिस्कवर डिझेलचा थेंबही जाऊ देऊ नका.