अप्पी आणि टस: अपलोडर बदलल्यानंतरचे काही महिने

आमचं अ‍ॅप इमारत पाहणीचं आहे. साइटवर गेलेले इंजिनिअर भेगांचे फोटो, छोटे व्हिडिओ आणि सही-शिक्क्याच्या पीडीएफ तिथूनच चढवतात. साइट कधी वेल्ह्यात, कधी मोखाड्यात; रेंज असली तर असली. आधी साधा फाइल इनपुट होता. शंभरेक एमबीचा व्हिडिओ शेवटाला येऊन तुटला की पुन्हा पहिल्यापासून, आणि मग आम्हाला फोन. पावसाळ्याच्या तोंडावर तो काढून अप्पी लावलं, मागे टसडी.

अप्पी हे ट्रान्सलोडिटचं मुक्तस्रोत जावास्क्रिप्ट अपलोडर, एमआयटी परवान्याचं. टसडी हा टस प्रोटोकॉलचा (तुटलेलं अपलोड तिथूनच पुढे नेण्याच्या नियमांचा) गो भाषेत लिहिलेला सर्व्हर. रिअ‍ॅक्टसाठी कंपोनंट तयार मिळतो, त्यामुळे डॅशबोर्ड (फाइल निवडायची अप्पीची तयार चौकट) पानावर यायला वेळ लागत नाही. बटणांवरचा सगळा मजकूर बदलता येतो, तो आम्ही मराठी केला. दिसायला नीटनेटकं आहे. त्यावर आणखी बोलण्यासारखं काही नाही.

पैसे वसूल होतात ते टसमुळे. ब्राउझर आधी पोस्ट विनंतीत फाइलची लांबी कळवतो, सर्व्हर २०१ (तयार झालं) या उत्तरासोबत एक पत्ता देतो, मग त्या पत्त्यावर पॅच विनंतीने बाइट जात राहतात. मध्येच तुटलं, तर ब्राउझर हेड विनंती पाठवून विचारतो की तुझ्याकडे किती पोहोचलं. उत्तरात ऑफसेट, म्हणजे पोहोचलेल्या बाइटचा आकडा, येतो आणि काम तिथूनच पुढे सुरू. घाटात रेंज गेली, चहा होईपर्यंत आली, की पट्टी ६० टक्क्यांवरून पुढे सरकते. इंजिनिअर मंडळींना यातलं काही माहीत नाही, त्यांचे फोन बंद झाले एवढंच.

पण टसडीच्या पुढे इंजिनएक्स (विनंत्या आधी स्वतः घेऊन आत पोहोचवणारा प्रॉक्सी सर्व्हर) असेल तर इथे थांबून वाचा. एका विनंतीच्या बॉडीची, म्हणजे आतल्या मजकुराची, त्याची मर्यादा मुळात १ एमबी असते; ती ओलांडली की ४१३ (विनंती फार मोठी) हा एरर येतो, त्यामुळे ती सगळ्यांना लगेच सापडते. रिक्वेस्ट बफरिंग मात्र सापडत नाही. ते चालू असेल तर इंजिनएक्स आख्खी विनंती स्वतःकडे गोळा करतो आणि पूर्ण झाल्यावरच टसडीकडे देतो. म्हणजे पडद्यावर ६० टक्के दिसतात, पण तुटल्यावर हेडचं उत्तर ऑफसेट शून्य. टस लावूनही व्हिडिओ पहिल्यापासून जातो आणि दोष अप्पीला मिळतो. प्रॉक्सी रिक्वेस्ट बफरिंग ऑफ करा, टसडी बिहाइंड-प्रॉक्सी पर्यायाने चालवा, नाहीतर परत येणारा पत्ता एचटीटीपीएसचा नसतो. अप्पीच्या चंक साइजला (एका विनंतीत जाणाऱ्या तुकड्याच्या आकाराला) हात लावू नका. ५ एमबीचे तुकडे करा असा सल्ला सर्रास मिळतो, पण प्रॉक्सीची सक्ती नसेल तर त्याने फक्त विनंत्या वाढतात.

गोल्डन रिट्रीव्हर हे प्लगइन पान चुकून रिफ्रेश झालं तरी निवडलेल्या फाइल परत आणतं. फोटोंसाठी झकास. मात्र ते फाइल ब्राउझरच्या इंडेक्स्डडीबीत (ब्राउझरमधल्या साठ्यात) ठेवतं आणि तिथे एका फाइलची मर्यादा मुळात १० एमबी आहे. त्याहून मोठा व्हिडिओ यादीत नावापुरता दिसतो, फाइल पुन्हा निवडावी लागते. हे पडद्यावर लिहून ठेवलेलं बरं, नाहीतर माणूस वाट बघत बसतो.

गुगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्समधून फाइल घ्यायच्या तर कम्पॅनियन नावाचा आणखी एक सर्व्हर चालवावा लागतो. आम्ही त्या वाटेला गेलो नाही. फाइलप्रकाराचं बंधन अप्पीत घालता येतं, पण ते ब्राउझरपुरतं. फाइलचं नाव बदलून कुणीही काहीही पाठवू शकतो. आम्ही सर्व्हरवर पहिले बाइट तपासतो: पीडीएफ टक्केचिन्ह आणि पीडीएफ या अक्षरांनी सुरू व्हायला हवी.

तुमच्या फॉर्मवर फक्त एक पासपोर्ट फोटो आणि बायोडेटा येत असेल तर यातलं काहीच घेऊ नका. साधा इनपुट पुरे, पानाचं वजनही वाढणार नाही.

एक काम मात्र पहिल्याच दिवशी करून ठेवा. अर्धवट राहिलेल्या फाइल टसडी आपणहून पुसत नाही. प्रत्येकीशेजारी एक इन्फो फाइल असते आणि जोडी तशीच पडून राहते. पूर्ण झालेल्या फाइल आम्ही हुक (अपलोड संपताच चालणारी स्क्रिप्ट) लावून दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवतो आणि उरलेल्यांतल्या आठवड्यापेक्षा जुन्या फाइल क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) रात्री पुसतो. आठवडा अशासाठी, की काही जण शनिवारी तुटलेला व्हिडिओ सोमवारी ऑफिसच्या वायफायवर पूर्ण करतात.