इरॅस्मस की ल्यूथर?
सोळाव्या शतकातले हे दोन ख्रिस्ती विचारवंत, इरॅस्मस डच विद्वान तर ल्यूथर जर्मन धर्मगुरू. चर्चमधला भ्रष्टाचार दोघांनाही खुपायचा, पण रस्ते बघा किती वेगळे. इरॅस्मस म्हणजे घरात राहूनच घर झाडू म्हणणारा, १५१६ ला नव्या कराराची (बायबलचा येशूविषयीचा भाग) ग्रीक आवृत्ती छापली, पण स्वतः लिहायचा लॅटिनमध्ये, म्हणजे शिकलेल्यांपुरतंच. ल्यूथरने १५१७ ला चर्च पैसे घेऊन पापक्षमा विकायचं त्याविरुद्ध ९५ मुद्दे काढले, १५२१ ला जर्मनीतल्या वर्म्स शहरात सम्राटासमोरही माघार घेतली नाही, मग वार्टबुर्गच्या किल्ल्यात लपून तोच नवा करार जर्मनमध्ये आणला आणि गंमत म्हणजे त्यासाठी वापरली इरॅस्मसचीच ग्रीक आवृत्ती! पोपला खरा घाम फुटला तो ल्यूथरमुळेच, तरी माणूस म्हणून मला इरॅस्मसच आवडतो, कारण १५२५ च्या शेतकरी बंडात ल्यूथर सरळ राजेलोकांच्या बाजूने गेला.